कडेच्या वीस तारा

“दुखलं की सांगा हं मावशी,” वर्षा म्हणाली आणि तिने दांडी आणखी अर्धा आटा फिरवली.

दुखत तर पहिल्या आट्यापासूनच होतं. उषाबाईंचा उजवा हात टेबलावर आडवा होता. दंडाला दीड इंच रुंदीचा काळा पट्टा आवळलेला होता आणि त्यात अडकवलेली वीतभर दांडी वर्षा गच्च बसलेल्या नळासारखी पिळत होती. बोटं आधी पांढरी पडली, मग जांभळट. वर्षाने मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटून जरा वाट पाहिली आणि एकदम हसली.

“बंद! नाडी बंद पडली, मावशी. बायकांच्या बारीक दंडावरही बसतो बघा.”

माणसाची नाडी बंद पडली म्हणून एवढं खूश झालेलं कुणी उषाबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण पोरीचं चुकत नव्हतं. अपघातात कुणाचा पाय चिरडला, हात तुटला, की तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही, रस्त्यातच रक्त जाऊन संपतो. ते रक्त जागच्या जागी अडवायला हा पट्टा. परदेशी पट्टा मिळतो, पण तो सगळ्या गाड्यांत ठेवणं कुणाला परवडत नाही. म्हणून वर्षाने सुरतेच्या उधन्यात, खाली पट्ट्या विणणारे चार माग असलेल्या कारखान्याच्या वर, पत्र्याची एक खोली घेतली होती. तिथे दोन शिलाई मशीन, पट्टा दोन्हीकडून धरून खेचून बघायचं एक मशीन, आणि विणून आलेल्या पट्टीवर नजर ठेवायला उषाबाई. दीड वर्ष वर्षाने या पट्ट्यापायी सणवार पाहिले नव्हते. आता साठ पट्टे तयार झाले होते. त्यातले चाळीस एका ट्रस्टच्या वीस रुग्णवाहिकांमध्ये, गाडीमागे दोन असे, वापरून बघायला गेले होते.

उषाबाईंचं लक्ष नाडीकडे नव्हतं. त्या पट्ट्याकडे बघत होत्या. त्यातली एकूण एक तार ताठ झाली होती.

“एवढा आवळायचा असतो?” त्यांनी विचारलं.

“याच्याहून जास्त. मांडीला बांधला की चांगले तीन आटे. आणि पिळणारा गडी माणूस, जीव खाऊन पिळणार.”

“सगळेच पट्टे असे पिळतील?”

“मग? नाहीतर रुमाल काय वाईट होता?” वर्षा हसली आणि तिने दांडी सोडली. उषाबाईंच्या हातात रक्त परत आलं, मुंग्या आल्या, बोटं हलायला लागली. पट्ट्यावरून नजर मात्र हटली नाही.

उषाबाई सुरतेत आल्या त्याला आता चौतीस वर्षं होत आली. शिरपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या त्या थेट मागांच्या खडखडाटात. नवरा हिलाल मागावर, आणि त्या कापड तपासायच्या खात्यात, भरणीच्या कामाला. मागावर तार तुटली की कापडात रेघ पडते. ती रेघ सुईने, त्याच धाग्याने, तार वर-तार खाली करत पुन्हा विणून काढायची, याला भरणं म्हणतात. भरलेली जागा दिसली तर ती बाई कच्ची. उषाबाईंची जागा कुणाला दिसली नाही. खालून दिवा लावलेल्या काचेवर साडी पसरून तपासनीस नाक लावून बघायचे आणि पास करायचे. उषाबाईंच्या खात्यात खोट कापून टाकणं म्हणजे हार होती. त्यांच्या हातून कितीक हजार साड्या गेल्या आणि कितीजणी त्या नेसून लग्नात मिरवल्या, एकीलाही कळलं नाही.

वर्षाच्या खोलीतला नियम वेगळा होता. पट्टीत खोट दिसली की तिथे लाल दोरा बांधायचा आणि तेवढा तुकडा कापून फेकायचा. वर्षाने तो पहिल्या दिवशी एकदा सांगितला होता, आणि शहाण्या बाईला नियम दोनदा कशाला सांगायचा, म्हणून पुन्हा सांगितला नव्हता.

महिन्यापूर्वी शेवटचं गुंडाळं खालून वर आलं तेव्हा वर्षा फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता रडकुंडीला आली होती. तो जाड, खास धागा संपला होता. ट्रस्टला साठ कबूल केले होते आणि खेचून बघायचे वगळून पट्टी बरोबर साठांपुरती होती, वर वीतभरसुद्धा नाही. त्याच दुपारी उषाबाईंच्या बोटांना ती जागा लागली. कडेच्या वीस तारा चार बोटं लांबीत तुटून गेल्या होत्या. लाल दोरा त्यांनी हातात घेतला. मग पोरीच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरा ठेवून सुई घेतली. मागावरच्या पुठ्ठ्याच्या कोनाला गुंडाळून उरलेला धागा आणला, खिडकीपाशी बसल्या आणि संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस तारा भरल्या. टोकं आत दडवली. मग पट्टी उलटसुलट करून पाहिली तर त्यांची त्यांना जागा सापडेना. इतकं छान वाटलं त्यांना, की सांगायचंही मनात आलं नाही. पट्टा म्हणजे जखमेवर बांधायची घट्ट पट्टी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आता मात्र कळलं होतं. भरलेली तार नुसती शेजारच्या तारांमध्ये दडून बसलेली असते, तिला पुढेमागे कुणी धरलेलं नसतं. साडीला कोण ओढतंय? पण तीन आटे पिळल्यावर त्या वीस तारा निमूट सरकणार आणि सगळा भार उरलेल्यांवर येणार, हे सांगायला इंजिनीअर लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उषाबाई तासभर आधी आल्या. कपाटात उरलेले वीस पट्टे त्यांनी काढले आणि एकेक बोटांखालून सरकवला. काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. उजेडात धरून, वाकवून, नखाने खरवडून. विसांत तो नव्हता, किंवा असून त्यांना सापडत नव्हता. ज्या हाताचं सगळ्या उधन्यात नाव होतं त्या हाताचा त्यांना पहिल्यांदा राग आला.

घरी हे बोलायचं म्हणजे वेगळाच घोर. हिलालचे दोन्ही कान मागांनी खाल्लेले. त्याच्याशी कुजबुजायची सोय नाही, आणि ते राहायचे त्या कोसाडच्या वसाहतीत भिंती अशा, की एका घरात मोठ्याने बोललेलं चौघांच्या जेवणात पडतं. म्हणून नवरा-बायकोला आतलं काही बोलायचं असलं की ती दोघं गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे जायची. बुधवारी दिवेलागणीला उषाबाईंनीच त्याला वर नेलं.

“काय जयं? तोंड काबरं उतरेल शे?” हिलालने विचारलं.

उषाबाईंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो जन्मभर मागावर राहिलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो टाकीला टेकला.

“वीस तारा?” त्याने विचारलं. “कडंन्या?”

“कडंन्या.”

“काही बोलू नको,” तो म्हणाला. “चाळीसमा एक शे. वापरामा बी येवाव नही. बोलशी ते पोलीस केस व्हई जाई. ह्या वयमा कोर्टमा जाशी का?”

“आन कोनी मरी गया ते?”

हिलालला ऐकू गेलं नाही, की त्याने ऐकलं नाही, हे उषाबाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही तेच ऐकायचं होतं, की बोलू नको. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, तीन दिवस वर्षा समोर बसलेली असताना त्यांचं तोंड उघडलं नव्हतं. केसची भीती तर होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की ती पोरगी ‘मावशी’ म्हणायची थांबेल. भीतीपुढे माणूस किती लहान होतो, हे त्यांनी त्या तीन दिवसांत पाहिलं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी दहा वाजता त्या खोलीत शिरल्या आणि पिशवीही खाली न ठेवता बोलल्या, “बेन, साठातला एक पट्टा मी भरलेला आहे.”

वर्षाला आधी कळलंच नाही. “भरलेला म्हणजे?”

उषाबाईंनी टेबलावरचा एक तुकडा घेतला, कडेच्या तारा कात्रीने तोडल्या आणि सुईने दोन तारा भरून दाखवल्या. वर्षा वाकून बघत होती. तिसरी तार भरेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“कोणता?”

“तेच तर सापडत नाही.”

वर्षा ओरडेल, निदान हातातलं काहीतरी आपटेल, असं उषाबाईंना वाटलं होतं. ती खुर्चीत बसली. “मी दहातला एकच खेचून बघत होते,” ती म्हणाली. “सगळे खेचले असते तर देण्यासारखे उरले नसते, म्हणून.” मग तिने फोन उचलला.

खोलीतले वीस आधी मशीनला लावले. मशीनचे दोन जबडे पट्टा धरतात आणि एकमेकांपासून लांब जातात, वर लाल आकडे चढत जातात. दीडशे किलोला वर्षा थांबवायची. एवढा खेचलेला पट्टा पुन्हा कुणाला देता येत नाही, तो गेलाच. वीसही टिकले. गाड्यांवरचे पट्टे अकरा वाजल्यापासून यायला लागले. कुणी ड्रायव्हर स्वतः आणून देत होता, कुणाकडे राघोला मोटरसायकलवरून पिटाळलं होतं. राघो खालच्या मागांवरचा मिस्त्री. त्याला कारण सांगितलं नव्हतं, पण वरचं वातावरण बघून त्याने विचारलंही नाही.

तेविसावा टिकला. तिसावा टिकला. एरवी पट्टा टिकला की वर्षा टाळी वाजवायची. आज प्रत्येक पट्टा टिकला की उषाबाईंचा जीव आणखी खाली जायचा, कारण उरलेल्यांत तो असण्याचा धोका तेवढाच वाढायचा. पट्टा जबड्यात चढला की त्या मनात म्हणायच्या, तूट बाबा, इथेच तूट. असं कुणी आपल्या हाताच्या कामाला म्हणेल यावर महिन्यापूर्वी त्यांचा विश्वास बसला नसता. पट्टा ताठ व्हायचा, बारीक करकरायचा आणि धडधाकट बाहेर यायचा. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

चार वाजेपर्यंत अठ्ठावन्न झाले. सगळे टिकले. उरले दोन, एकाच गाडीतले. त्या गाडीवरचा कुंदन सकाळपासून फोन उचलत नव्हता.

“डबल ड्यूटी असेल,” राघो म्हणाला. वर्षाने पुन्हा नंबर लावला.

साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली. कुंदन पंचविशीतला मुलगा, निळा गणवेश, आणि गणवेशाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत काळ्या पडून कडक झालेल्या. त्याने एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली.

“बेन, तुमचा पट्टा तुटला,” तो म्हणाला.

खाली माग चालू होते, त्यांचा आवाज फरशीतून पायांत येत होता. वर्षाने विचारलं, “कधी?”

“सकाळी आठला. चलथाणच्या पुढे हायवेला. उसाची ट्रॉली पलटली, एक माणूस चाकाखाली. पाय मांडीपासून गेला होता, पण बोलत होता तो. मी पट्टा लावला, तुम्ही शिकवलं तसा. पहिला आटा बराबर. दुसऱ्याला बराबर, रक्त थांबलं पण. मी त्याला बोललो, काका, टेन्शन नका घेऊ, थांबलं. तिसऱ्याला फटकन गेला.” कुंदनने हाताने दाखवलं. “दुसरा गाडीत होता. दरवाजा उघडून आणून बांधेपर्यंत...” तो थांबला. “तो नीट बसला. पण तोपर्यंत काय राहिलं नव्हतं. दवाखान्यात नेला, अकराला गेला.”

आठ वाजता. उषाबाई तेव्हा घरी होत्या. चहा केला होता, आणि आज सांगायचं की उद्या, याचा विचार करत कप तसाच थंड होऊ दिला होता.

वर्षाने पिशवी उघडली नाही. उषाबाईंनी उघडली. पट्टा वाळून ताठ झाला होता. उजेडात धरायची गरज नव्हती. कडेच्या वीस तारा जशा भरल्या होत्या तशा अख्ख्याच्या अख्ख्या सरकून बाहेर आल्या होत्या, एकही तुटली नव्हती. तुटल्या होत्या त्या बाकीच्या.

“हाच,” त्या म्हणाल्या.

मग त्यांना रडू फुटलं. वर्षा उठून जवळ आली नाही. तिने समोर कागद ओढला होता, ट्रस्टला आणि अजून कुणाकुणाला कळवायचं होतं. पेन हातात घेऊन ती म्हणाली, “नियम मी एकदाच सांगितला. आणि सगळे खेचले नाहीत. मी माझं नाव लिहिते.”

“माझंही लिहा,” उषाबाई म्हणाल्या. “पूर्ण लिहा. उषा हिलाल महाजन.”

वर्षाने लिहिलं. पुढे काय होईल ते तिलाही ठाऊक नव्हतं. जाताना कुंदनने सांगितलं, “तुमच्या कोसाडचाच होता, मावशी. रामजी नाव. मागच्या बिल्डिंगा आहेत ना, तिकडचा. चलथाणला कामाला जायचा.”

तिसऱ्या दिवशी उषाबाई दारावर बसायला निघाल्या. खानदेशात मयताच्या घरी असं जाऊन बसतात. ओळख असो की नसो, चार बायका शेजारी बसल्या की त्या घराला जरा टेका मिळतो. हिलालने आदल्या दिवशी नको नको म्हणून पाहिलं होतं. सकाळी तोच टोपी घालून आधी उंबऱ्याबाहेर उभा होता. “एकली कथी जाशी?” एवढंच तो म्हणाला.

मागच्या इमारतींमध्ये विचारावं लागलं नाही. एका जिन्यापाशी सतरंजी टाकून माणसं बसली होती. हिलाल त्यांच्यात जाऊन बसला. उषाबाई वर गेल्या. खोली लहान होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली रामजींचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला, म्हणून जरा पुसट. समोर मेणबत्ती जळत होती. भिंतीशी पांढऱ्या लुगड्यातली बाई बसली होती, ती रामजींची बायको, हे सांगायला कुणी लागलं नाही; अंजनाबाई हे नाव खालीच कळलं होतं. उषाबाई तिच्याजवळ बसल्या. येणारी बाई रडत येत होती, थोडी रडून गप्प बसत होती.

गर्दी जरा ओसरली तशी अंजनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी कोनाकडच्या व्हय, माय? वळखलं नाही म्या.”

असं विचारतातच. कोणाच्या नात्यातली, कोणाच्या बिल्डिंगमधली. ‘पुढच्या बिल्डिंगमधली’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“त्यांच्या पायाला पट्टा बांधला होता ना,” उषाबाई म्हणाल्या, “रक्त थांबवायला. तो माझ्या हातचा होता.”

अंजनाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी उषाबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मायबाई! त्या पोरानं सांगतलं मले, पट्टा बांधला तवा रक्त थांबलं व्हतं म्हून. हे बोलत व्हते तवा. घरी फोन लावा म्हनले त्याले.” त्यांनी तो हात कपाळाला लावला. “लई केलं बाई तुमी. कोन कोनासाठी करते एवढं?” आणि आत वळून त्या म्हणाल्या, “सुषमा, पानी आन वं बाईसाठी. लांबून आल्या त्या.”

मुलगी पाणी घेऊन आली. उषाबाईंनी तांब्या घेतला नाही. हात अजून अंजनाबाईंच्या हातात होता, आणि तो सोडवून घेऊन, दोन शब्द बोलून, उठून जिना उतरून जाता आलं असतं. खाली हिलाल वाट बघत होता. खोलीतल्या बायका कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या.

“नाही,” उषाबाई म्हणाल्या. “नाही, अंजनाबाई. माझं सगळं ऐकून घ्या. मग हात सोडायचा तर सोडा.”

अंजनाबाईंना काही कळलं नाही. पण त्या सावरून बसल्या. उषाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि महिन्यापूर्वीच्या त्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली.